श्यामची मोळी आणि विठ्ठलाचे दार

(विशेष प्रतिनिधी)

साक्री - शाळा उघडण्याच्या तोंडावर, ११ जूनला, साने गुरुजींची पुण्यतिथी येते. नव्या पुस्तकांच्या आणि दप्तरांच्या खरेदीच्या धांदलीत ती बहुधा निघून जाते आणि गुरुजींची आठवण २४ डिसेंबरच्या जयंतीपर्यंत मागे पडते. तरीही साक्री तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांपासून आदिवासी पाड्यांवरील आश्रमशाळांपर्यंत, ज्या कपाटात दहा-वीस अवांतर पुस्तके असतील, त्या कपाटात 'श्यामची आई' नाही असे सहसा होत नाही. घरी अहिराणी बोलणारी मुले कोकणातल्या एका ब्राह्मण कुटुंबाची ती कथा वाचतात, आणि तिच्यातली नारळी-पोफळीची झाडे त्यांनी कधी पाहिलेली नसली तरी त्यांना ती परकी वाटत नाही.

हे पुस्तक मातृप्रेमाचे म्हणून ओळखले जाते आणि ते आहेही. परंतु एका अन्यायी समाजव्यवस्थेत एक मूल वाढत असताना त्याला काय शिकवले गेले आणि त्यातले त्याने पुढे काय केले, याचीही ती कथा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावर मुलांसाठी कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्यातून तिथल्या पुढच्या पिढ्यांना तो काळ कळला. आपल्याकडे अस्पृश्यतेच्या काळातील बालपण मुलांसाठी लिहिणारा लेखक स्वतःच त्या लढ्यात उतरला, आणि त्याची कर्मभूमी होती आपला खानदेश.

पालगडचा पंढरी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे. मात्र पांडुरंगाला समज येईपर्यंत घराची स्थिती खालावली होती. वाटण्या, भाऊबंदकी आणि सावकारी कर्ज यांच्या फेऱ्यात वडील सदाशिवराव सापडले. एकेकाळी ज्या घराचा गावात दरारा होता, त्याच घरावर जप्ती येण्याची नामुष्की ओढवली. ही पडझड मुलाने उघड्या डोळ्यांनी पाहिली. आई यशोदाबाई यांनी मात्र दारिद्र्यातही मुलाच्या मनाची मशागत सोडली नाही.

शिक्षणासाठी पांडुरंगाला वणवण करावी लागली. दापोलीची शाळा झाली. पुढे विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय आहे असे ऐकून तो साताऱ्याकडील औंध संस्थानात गेला. तेथे प्लेगच्या साथीने पाठ धरली. अखेर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात त्याचे नाव दाखल झाले. पुण्यात असतानाच १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये आईचे निधन झाले. अखेरच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो, ही रुखरुख त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे पंधरा वर्षांनी तुरुंगाच्या कोठडीत जे पुस्तक लिहिले गेले, त्याचे मूळ या रुखरुखीत आहे.

खानदेश हीच कर्मभूमी

पदवी घेतल्यानंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी साने अमळनेरला आले. प्रताप शेठजींच्या औदार्यातून १९१६ मध्ये उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर त्या काळी देशभरातील अभ्यासकांना आकर्षित करीत होते. परंतु ग्रंथांच्या सान्निध्यात शांतपणे बसून राहण्याचा या तरुणाचा पिंड नव्हता. १९२४ मध्ये त्यांनी अमळनेरच्याच शाळेत, म्हणजे आजच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षकाची नोकरी धरली आणि पुढे छात्रालयाची जबाबदारीही स्वीकारली.

ही सहा वर्षे म्हणजे गुरुजींच्या आयुष्याचा पाया होय. खेड्यापाड्यांतून आलेली, घरची आठवण काढून रडणारी मुले छात्रालयात असत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे धुऊन घडी घालून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. शब्दाने न रागावता कृतीने लाजविण्याची ही पद्धत होती. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढू लागले. दिवसभर शिकवून झाल्यावर रात्री जागून ते आपल्या हाताने लिहायचे आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचे. १९२८ मध्ये त्याला 'विद्यार्थी' या मासिकाची जोड मिळाली. मराठी बालवाचकाशी बोलण्याची गुरुजींची भाषा या हस्तलिखितात घडली. सोपी वाक्ये, थेट हृदयाला हात घालणारा सूर, आणि जगातल्या कोणत्याही थोर गोष्टीची ओळख मुलांना करून देता येते हा विश्वास, हे सारे तिथलेच.

१९३० मध्ये महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांना अटक झाली. प्रथम धुळ्याच्या आणि नंतर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील राजबंद्यांच्या सहवासात त्यांनी तमिळ शिकून घेतली आणि पुढे 'कुरल' या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. भारतातील भाषांनी एकमेकींना ओळखावे या 'आंतरभारती'च्या कल्पनेचे बीज त्या तुरुंगात पडले.

धुळ्याच्या तुरुंगातील रविवार

साक्रीहून सुरत-नागपूर महामार्गाने पूर्वेकडे निघाले की सुमारे ५५ किलोमीटरवर धुळे लागते. तेथील कारागृहात १९३२ साली एक अपूर्व घटना घडली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी आचार्य विनोबा भावे यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. एकूण अठरा प्रवचने झाली. त्या वेळी ध्वनिमुद्रणाची सोय कोठून असणार? ती प्रवचने आज आपल्या हाती आहेत, कारण श्रोत्यांमध्ये बसलेल्या साने गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ पुढे देशातील अनेक भाषांत गेला. ज्यांच्या लेखणीमुळे तो टिकला, त्यांचे नाव मात्र अनेक वाचकांच्या लक्षातही येत नाही. गुरुजींना त्याचे काही वाटले असेल असे नाही. दुसऱ्याचे चांगले ते टिपून मुलांपर्यंत आणि माणसांपर्यंत पोहोचविणे, हे ते आपले कामच मानीत.

पाच दिवसांचे लेखन

धुळ्याहून त्यांना नाशिकच्या तुरुंगात हलविण्यात आले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीला, म्हणजे अवघ्या पाच दिवसांत, त्यातील बहुतेक भाग लिहून संपविला. दिवसा तुरुंगातले काम, आणि उरलेल्या वेळात हे लेखन. आश्रमातील मुलांना श्याम रोज रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि उत्कृष्ट भारतीय चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याने पटकावले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. २०२३ मध्ये या कथेवर पुन्हा एक चित्रपट आला.

या पुस्तकातील पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामची गोष्ट सर्वांना आठवते. पायाला जपतोस तसा मनाला जप, हा त्या गोष्टीचा आशय घरोघरी पोहोचला. पण त्याच पुस्तकात आणखी एक रात्र आहे, तिची आठवण कमी काढली जाते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते. थकलेल्या म्हातारीला ती एकटीने पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. वाटेवरून लोक जात आहेत, पण शिवायचे कोणी? श्यामची आई मुलाला सांगते की जा आणि तिला मोळी उचलून दे. लोक काय म्हणतील या भीतीने श्याम कचरतो; पण जातो आणि मोळी उचलून देतो.

या प्रसंगात एक बारीकशी गोष्ट आहे. मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन स्नान करावे, असेही आई सांगते. आजच्या वाचकाला हे खटकते, आणि खटकले पाहिजे. शिवाशिवीचा नियम आईने मोडला, पण पूर्ण मोडला नाही. दया जागी झाली, समता अजून यायची होती. लेखकाला हे लपविता आले असते. १९३३ साली तो गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीत होता. आपल्या आईला तो आपल्या काळाइतके पुढारलेले दाखवू शकला असता. त्याने तसे केले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणातल्या खेड्यातील एक सहृदय स्त्री जेथवर जाऊ शकली, तेथवरच त्याने तिला नेले. मुलांसाठी इतिहास लिहिताना पाळावयाची सचोटी ती हीच. आईने जेथे पाऊल थांबविले तेथून पुढचे चालणे मुलाच्या वाट्याला होते, आणि ते त्याने प्रत्यक्ष आयुष्यात केले.

गुरुजींच्या इतर पुस्तकांतही हा धागा दिसतो. 'धडपडणारी मुले' मध्ये छात्रालयातील दिवसांचा सुगंध आहे. 'आस्तिक' ही कादंबरी वरवर पाहता जनमेजयाच्या सर्पसत्राची पुराणकथा. पण आर्य आणि नाग या दोन समाजांतील द्वेष कसा विझवावा, हा तिचा खरा विषय आहे. जुन्या काळाची गोष्ट सांगून आजच्या जखमेवर बोट ठेवण्याची हातोटी तेथे स्पष्ट दिसते.

फैजपूर, गिरण्या आणि बेचाळीस

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. त्याच्या तयारीसाठी गुरुजी खेडोपाडी पायी हिंडले. पुढे १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. अमळनेर आणि धुळ्याच्या गिरणी कामगारांची संघटना, शेतसाऱ्याच्या सुटीसाठी शेतकऱ्यांची चळवळ, अशा कामांत ते गढून गेले. मुलांचा हळवा लेखक अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली आहे. कामगारांच्या मोर्चापुढे चालणारे गुरुजी त्या प्रतिमेत मावत नाहीत.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, नंदुरबार येथे, तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आपल्या चार बालसाथींसह हुतात्मा झाला. ज्या वयाच्या मुलांसाठी गुरुजी गोष्टी लिहीत होते, त्याच वयाची ही मुले. गुरुजींना १९४३ मध्ये मुंबईत अटक झाली आणि १९४५ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

दार उघडण्याचा आग्रह

स्वातंत्र्य आता दृष्टिपथात आले होते. पण ज्या देशात कोट्यवधी माणसांना देवळाची पायरी चढता येत नाही, तो देश स्वतंत्र होणार म्हणजे काय, हा प्रश्न गुरुजींना अस्वस्थ करीत होता. पंढरपूर हे महाराष्ट्राच्या भक्तीचे हृदय. तेथे महाद्वारासमोर संत चोखामेळ्याची समाधी आहे. चौदाव्या शतकातला हा संत दाराबाहेर राहिला आणि त्याच्यामागून आलेल्या वारकऱ्यांच्या पिढ्या सहाशे वर्षे तेथूनच माघारी फिरत होत्या. संतांची वाणी सर्वांच्या मुखी, आणि दार मात्र बंद.

१९४६ च्या अखेरीस गुरुजींनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांनी त्यांना थांबविले. आधी लोकमत जागे करावे असे ठरले. मग १९४७ च्या पहिल्या महिन्यांत गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा केला. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक बरोबर होते. सभा, पोवाडे, मेळे झाले. गावोगावी देवळे आणि पाणवठे खुले झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पंढरपूरचे दार मात्र उघडले नाही.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. सनातन्यांचा विरोध तर होताच. पण अधिक वेदना देणारी गोष्ट निराळीच घडली. ज्या गांधीजींना गुरुजी आपले दैवत मानीत, त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती पोहोचली आणि उपोषण सोडावे असा निरोप त्यांच्याकडून आला. गुरुजींनी नम्रपणे, पण ठामपणे, आपला निश्चय कायम ठेवला. केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली. अखेर १० मे रोजी मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि गुरुजींनी उपोषण सोडले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट झाल्याचे घोषित केले.

दुसरी बाजू

गुरुजींचे चरित्र सांगताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांच्यासाठी हे दार उघडले जात होते, त्यांच्या नेतृत्वाने तोवर निराळा मार्ग धरलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आरंभिला होता. पाच वर्षे झुंजूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर मंदिरप्रवेश हा त्यांच्या चळवळीचा मुख्य विषय उरला नाही. शिक्षण, राजकीय हक्क आणि माणुसकीची प्रतिष्ठा यांवर त्यांचा भर राहिला. १९३७ मध्ये वकिलीच्या कामानिमित्त ते धुळ्यास आले असता लळिंगजवळील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. दरवर्षी ३१ जुलैला तेथे अनुयायी जमतात. साक्री तालुक्यातूनही माणसे जातात.

म्हणून पंढरपूरच्या उपोषणाकडे दलितांवरील उपकार म्हणून पाहणे चूक ठरेल. गुरुजींची स्वतःचीही ती दृष्टी नव्हती. शतकानुशतके दार बंद ठेवणाऱ्या सवर्ण समाजाचे ते प्रायश्चित्त होते आणि ते एका सवर्णाने आपल्या देहावर घेतले होते. श्यामच्या आईने स्नान करावयास सांगितले होते. मुलाने तीस-पस्तीस वर्षांनी ते स्नान नाकारले आणि दार उघडावे म्हणून अन्न सोडले. दार उघडल्याने गावकुसाबाहेरील घरांचे दारिद्र्य संपले नाही, हे खरे. पण बंद दार हेच धर्माचे लक्षण आहे असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

अखेरची वर्षे

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला, ही जाणीव गुरुजींना असह्य झाली. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही निघते. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने मुलांच्या हाती आली. आंतरभारतीसाठी त्यांची धडपड चालू होती.

पण मन थकले होते. स्वातंत्र्यानंतरचा देश त्यांच्या स्वप्नातला नव्हता. ११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपल्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. हजारो मुलांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाच्या एकाकीपणाची खोली जवळच्यांनाही वेळेवर उमगली नाही. त्यांच्या चाहत्यांनी या शेवटाविषयी बोलणे बरीच वर्षे टाळले. हळव्या माणसाच्या हसऱ्या चेहऱ्यामागे काय चालले आहे याची विचारपूस करावी, एवढा धडा तरी त्यातून घ्यावयास हवा.

आज अमळनेर गुरुजींना विसरलेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव देण्यात आले होते. पंढरपुरातही बदल झाला. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आले.

शाळा आता सुरू होतील. तालुक्यातल्या एखाद्या वर्गात गुरुजींचे पुस्तक कपाटातून निघेल. शिक्षकांनी पायाच्या धुळीची गोष्ट वाचून दाखवावीच. मात्र पाने उलटून त्या मोळीच्या रात्रीपर्यंतही मुलांना न्यावे, आणि आईने स्नान का सांगितले असेल हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. वर्गात शेजारी शेजारी बसलेली, निरनिराळ्या वस्त्यांतून आणि पाड्यांतून आलेली मुले त्याचे काय उत्तर देतात, ते शांतपणे ऐकून घ्यावे. गुरुजींच्या छात्रालयात शिकण्याची रीत हीच होती.